ओलं बोट

एकतीस वर्षं गांधीबागेत, ठोक कापडाच्या दुकानात
मी नोटा मोजल्या जिभेच्या भरवशावर.
अंगठा जिभेला, मग नोटेला,
पुन्हा जिभेला.
कुणाचा घाम, कुणाचा खर्रा, कुणाच्या खिशातली विडी
सगळ्यांची चव मला ठाऊक होती
आणि मी तिला हिशेब म्हणायचो.

रजा एकही नाही.
हे मी पानठेल्यावर सांगायचो, सोयरिकीच्या बैठकीत सांगायचो.
ताप आला तर मफलर,
खोकला आला तर दाढेखाली लवंग.
शेठजी नव्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे,
माणूस असावा तर नंदनवारसारखा.

मागच्या डिसेंबरात, अधिवेशनाच्या दिवसांत,
बर्डीपासून रस्ते अडवलेले, मोर्चे,
आणि थंडी अशी की चहा कपातच म्हातारा व्हावा.
हाडं पिंजलेली होती तरी मी चालत गेलो.
शटर अर्धं ओढलेलं,
आत सात माणसं, एक हीटर
आणि माझा खोकला.

मंगळवारी थान मोजणारा पोट्टा आला नाही.
मग शेठजींची सून पडली.
शुक्रवारी देवाजी हेडाऊ,
जो पाठीवर गठ्ठा घेऊन जिना चढतानाही
थांबून विचारायचा, "बाबू, जेवले का?"
त्याला मेयोत नऊ दिवस ठेवलं.
परत आला तेव्हा जिन्याच्या मधल्या पायरीवर
बसून राहिला बराच वेळ.
"थंडी बाधली, बाबू," म्हणाला.
मी म्हणालो, हो.

त्या संध्याकाळी रोकड जुळली.
एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही.

माझी प्रणाली नर्स आहे. फार बोलत नाही.
जेवणाच्या ताटाशेजारी तिने एक निळी डबी ठेवली,
आत ओला स्पंज.
"बाबा, आता जीभ नाही."
पोस्टातल्या बाईपुढे अशीच डबी
मी किती वर्षं पाहत आलो होतो, आणि पाहिली नव्हती.

सवय म्हणजे बैलाला घरची वाट.
महिनाभर अंगठा आपसूक तोंडाकडे निघायचा,
अर्ध्या वाटेत लाजून वळायचा.

हात धुवायचे तर वीस सेकंद, ती म्हणाली.
सेकंद मला कळत नाहीत.
मी नळाखाली नसलेल्या नोटा मोजतो,
बेचक्यात, नखांखाली,
विसावी आली की तोटी बंद.
अंगठ्याला दोन नोटा जास्त.
त्याच्याकडे बाकी आहे.

शटर आता मी पूर्ण वर ढकलतो.
शेठजी कुरकुरतात, स्वेटर घालून बसतात.
शिंक कोपरात देतो; सदऱ्याची बाही रोज धुवावी लागते,
त्यावरून घरात बोलणी खातो.
मृगाच्या आधी देवाजीला घेऊन गेलो,
दोघांनी एकाच बाकावर दंड उघडे केले.
सुईचे पैसे मी दिले.
"काहून, बाबू?"
"उधारी होती."
"कवाची?"
मी सदऱ्याची बटणं लावत राहिलो.

तरी मारबतीच्या दिवशी अंग तापलंच.
बुधवारीतल्या आमच्या खिडकीखालून
पिवळी मारबत डोलत चालली होती,
अख्खी गल्ली तिला ओरडून सांगत होती
खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा.
दरवर्षी मीही ओरडतो, सगळ्यांच्या वर.
यंदा रुमाल तोंडावर धरून वरच उभा राहिलो.
तिला तरी हात किती?
काही ओझं माणसानं आपल्या उंबऱ्याआत ठेवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.
शेठजी, ताप आहे. चार दिवस येत नाही.
पलीकडे इतकी शांतता
की मला दुकानातला पंखा ऐकू आला.
मग हळूच, "नंदनवार, नोटा कोण मोजेल?"

कुणीही मोजेल, शेठजी.
डबी गल्ल्याशेजारीच आहे.
तेवढं स्पंजावर पाणी घाला.